चौथ्या सीटवरील श्रोता : साहसपर प्रवासकथनांच्या श्रवणाविषयी

मराठी प्रवासवर्णनाचा विचार करताना समीक्षेने प्रवासी लेखकाचे व्यक्तिमत्त्व, स्थलवर्णन, निवेदनाची धाटणी आणि अनुभवाची सत्यता या अंगांची पुष्कळ चर्चा केली आहे. या सर्व चर्चेत एक घटक मात्र गृहीत धरला गेला, तो म्हणजे वाचक. हा वाचक स्वस्थ बसलेला आहे, त्याच्या हाती पुस्तक आहे, आणि मुख्य म्हणजे तो एका जागी स्थिर आहे. प्रवास जो काही व्हायचा तो लेखकाचा. अलीकडच्या काळात या गृहीताला तडा गेला आहे. प्रत्यक्ष घडलेल्या साहसी प्रवासांची पुस्तके आज वाचली जातात तशी ऐकलीही जातात, आणि ती ऐकणारा माणूस पुष्कळदा स्वतःच प्रवासात असतो. त्याचा प्रवास मात्र साहसाचा नसतो. तो रोजचा, ठरलेल्या वेळेचा, घरापासून कचेरीपर्यंतचा आणि कचेरीपासून घरापर्यंतचा असतो.

ऑडिओबुक ऐकणे म्हणजे वाचन नव्हे, फार तर वेळ घालविण्याचे साधन, असा एक सूर विद्यापीठीय वर्तुळात अधूनमधून उमटतो. वैचारिक ग्रंथाच्या किंवा कवितेच्या बाबतीत या सुरात काही तथ्य असेलही. साहसपर प्रवासकथनाच्या बाबतीत मात्र तो चुकीचा आहे. किंबहुना या वाङ्मयप्रकाराचे मूळ रूपच सांगणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे आहे, छापील पृष्ठ ही त्याच्या वाटचालीतील मधली अवस्था आहे, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

प्रथम हा श्रोता कोण, हे पाहिले पाहिजे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हे ३४ किलोमीटरांचे अंतर आगगाडीने प्रथम तोडले, तेव्हा तो प्रवास हाच एक अपूर्व प्रसंग होता. आज त्याच मार्गावर ठाण्याच्या पलीकडे, मुंबईपासून ६८ किलोमीटरांवरील बदलापुरातून माणसे रोज कामाला येतात. विरार, टिटवाळा, कर्जत, कसारा येथील माणसांची स्थिती याहून वेगळी नाही. एका बाजूचा दीड तास धरला तरी दिवसाचे तीन तास होतात आणि सहा दिवसांच्या आठवड्याचे अठरा. बारा-पंधरा तासांचे एक भरघोस प्रवासकथन या हिशेबाने एका आठवड्यात संपते. जो नोकरदार घरी पोहोचल्यावर पुस्तक उघडण्याच्या अवस्थेत नसतो, आणि जी स्त्री घरी पोहोचताच दुसऱ्या पाळीला उभी राहते, त्यांना दिवसात स्वतःचा म्हणावा असा एवढाच काळ मिळतो. या काळात पुस्तक हाती धरणे बहुधा अशक्य असते. तीन जणांच्या बाकावर चौथ्या सीटवर अर्धे अंग टेकून बसलेल्या माणसाचा एक हात वरच्या कडीत आणि दुसरा पिशवीवर असतो. त्याचे डोळेही मोकळे नसतात. समोर उभ्या असलेल्या माणसाच्या सदऱ्यापलीकडे त्यांना काही दिसत नाही. मोकळे असतात ते फक्त कान. या कानांवर आजवर लोकलच्या डब्यातील भजनी मंडळांनी हक्क सांगितला, पुढे मोबाइलवरील गाण्यांनी सांगितला, आणि आता पुस्तकांनी सांगितला तर त्यात नवल करण्यासारखे काही नाही.

श्राव्य पुस्तकाचा इतिहासही या संदर्भात बोलका आहे. इंग्लंडमध्ये १९३५ साली अंध वाचकांसाठी पहिली 'बोलकी पुस्तके' तबकड्यांवर मुद्रित झाली. त्यांतील एक अगाथा ख्रिस्ती यांची रहस्यकथा होती आणि दुसरे जोसेफ कॉनरॅड यांचे 'टायफून', म्हणजे वादळात सापडलेल्या जहाजाची कथा. ती कल्पित आहे हे खरे. पण तिच्यामागे खलाशी म्हणून आयुष्याची उमेदीची वर्षे समुद्रावर घालविलेल्या लेखकाचा अनुभव आहे. पुढे अमेरिकेत १९७५ साली ड्युवॉल हेक्ट या गृहस्थांनी कॅसेटवरील संपूर्ण, असंक्षिप्त पुस्तके टपालाने भाड्याने देणारी 'बुक्स ऑन टेप' ही संस्था काढली. हे हेक्ट १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये नौकानयनाचे सुवर्णपदक मिळविणारे खेळाडू. दक्षिण कॅलिफोर्नियात रोज मोटारीने लॉस एंजेलिसला जा-ये करताना रेडिओवरील बडबडीचा त्यांना कंटाळा आला आणि त्या कंटाळ्यातून हा उद्योग उभा राहिला. त्यांनी प्रथम काढलेले पुस्तक जॉर्ज प्लिम्प्टन यांचे 'पेपर लायन' होते; व्यावसायिक फुटबॉल संघात शिरून, अंगावर धक्के घेऊन एका लेखकाने लिहिलेली ती सत्यकथा आहे. दैनंदिन प्रवासाचा कंटाळा आणि दुसऱ्याने खरोखर भोगलेल्या साहसाची ओढ यांचा संबंध अशा रीतीने या माध्यमाच्या व्यापारी उगमाशीच जडलेला आहे. भारतात २०१७ साली स्टोरीटेल आले, मराठी पुस्तके वाचून घेऊन मुद्रित करण्याचे काम वाढले आणि हाच संबंध मराठी प्रवाशापर्यंत पोहोचला.

आता मूळ मुद्द्याकडे वळता येईल. साहसपर प्रवासकथनाचा सारा आधार 'हे मी पाहिले, हे माझ्यावर गुदरले' या साक्षीवर असतो. साक्ष ही लिहिण्याची गोष्ट नंतर होते, आधी ती बोलण्याची गोष्ट असते. अर्नेस्ट शॅकल्टन यांचे 'साउथ' हे १९१९ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक दक्षिण ध्रुवप्रदेशातील प्रवासकथनांत अग्रगण्य मानले जाते. त्याचा बराच भाग शॅकल्टन यांनी स्वतः लेखणी हाती धरून लिहिलेला नाही. एडवर्ड साँडर्स या न्यूझीलंडच्या पत्रकारापुढे त्यांनी तो तोंडी सांगितला आणि साँडर्स यांनी लिहून घेतला. असे पुस्तक जेव्हा पुन्हा कोणा वाचकाच्या आवाजात ऐकू येते, तेव्हा लेखनाचे भाषांतर ध्वनीत झाले असे न म्हणता कथन आपल्या मूळ ठिकाणी परतले असे म्हणणे अधिक योग्य ठरते.

मराठीला तर हे सांगण्याचेही कारण नसावे. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून ज्याचा अभ्यास प्रत्येक विभागात होतो, ते 'लीळाचरित्र' श्रवणातून आणि चालण्यातून सिद्ध झाले. चक्रधरस्वामींच्या भ्रमंतीचे प्रसंग ज्यांनी पाहिले, त्यांच्या तोंडून म्हाइंभटांनी ते ऐकले. आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे ग्रंथाची मूळ प्रत नष्ट झाल्यावर तो पुन्हा उभा राहिला तो स्मरणाच्या बळावर. स्थळ, सोबती, वाटेतला मुक्काम आणि त्या मुक्कामी घडलेली एक नेमकी गोष्ट, हा लीळांचा साचा ऐकून लक्षात ठेवण्याजोगा आहे. वारकरी दिंडीत चालणे आणि ऐकणे ही एकाच वेळी होतात. समर्थांनी 'दासबोधा'तील नवविधा भक्तीच्या दशकात पहिला समास दिला तो श्रवणाला. एवढी परंपरा पाठीशी असताना श्रवण म्हणजे दुय्यम दर्जाचे ग्रहण, ही कल्पना मराठीच्या अभ्यासकाने कोठून उसनी घेतली, हा स्वतंत्र शोधाचा विषय होईल.

श्रवणाने या वाङ्मयप्रकाराच्या आस्वादात नेमका काय फरक पडतो? सर्वांत महत्त्वाचा फरक काळाचा आहे. मुद्रित पुस्तकात कंटाळवाणा भाग चाळून पुढे जाता येते, आणि ध्रुवप्रदेशावरील पुस्तकांत असा भाग भरपूर असतो. शॅकल्टन यांचे 'एन्ड्युरन्स' हे जहाज जानेवारी १९१५ मध्ये बर्फात अडकले. ऑक्टोबरअखेर ते सोडून द्यावे लागले आणि २१ नोव्हेंबरला ते बुडाले. मधल्या महिन्यांत घडते ते इतकेच, की बर्फ सरकतो, कुत्र्यांना खायला घातले जाते, आणि माणसे वाट पाहतात. डोळ्यांनी वाचणारा ही पाने झरझर उलटतो. ऐकणाऱ्याला तसे सहसा करता येत नाही. गर्दीत खिशातला मोबाइल काढणेच कठीण असते. परिणामी ती वाट पाहणे त्याला त्या माणसांबरोबर पाहावे लागते. मग २४ एप्रिल १९१६ रोजी बावीस सोबत्यांना एलिफंट बेटावर मागे ठेवून सहा माणसे एका उघड्या होडीतून, वर कॅनव्हासचे तात्पुरते आच्छादन घालून, साउथ जॉर्जियाकडे निघतात आणि १० मे रोजी किनाऱ्याला लागतात, तेव्हा ते सोळा दिवस श्रोत्याला पूर्वीच्या संथ महिन्यांच्या तुलनेत जाणवतात. ऑगस्टच्या ३० तारखेला बेटावरील बावीसही माणसे जिवंत हाती लागतात, या वाक्याचे वजन, ज्याने वाट पाहिली आहे त्यालाच कळते. प्रवासवर्णनाच्या समीक्षेत 'गती' हा शब्द फार वापरला जातो. 'खोळंबा' या अनुभवाचा विचार तिने क्वचितच केला आहे. लोकलच्या प्रवाशाला मात्र खोळंब्याचे शास्त्र शिकवावे लागत नाही.

दुसरा फरक खंडांचा आहे. श्रवण स्थानकाला थांबते. होडीवर मोठी लाट येत असताना दादर येते आणि मजकूर तेथेच तुटतो. तो पुन्हा जोडला जातो सायंकाळी, परतीच्या गाडीत. मधले आठ-नऊ तास ती लाट तशीच उभी असते. दैनंदिन कामाच्या पोटात असा एक अपुरा प्रसंग बाळगून वावरणे, हा या आस्वादाचा विशेष आहे. क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबरीच्या वाचकांना तो आठवड्याच्या किंवा महिन्याच्या अंतराने मिळत असे. येथे तो दिवसातून दोनदा मिळतो.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. गर्दीने पिळून निघालेल्या माणसाने कानांत दूरच्या हिमप्रदेशाची कथा घालून घेणे हे पलायन आहे, आणि ते त्याला त्याच्या स्थितीविषयी बधिर करते, असा तो आक्षेप आहे. तो झटकून टाकण्याजोगा नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ धावत्या गाड्यांच्या दारांतून प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काहींचा मृत्यू झाला. ज्यांच्या रोजच्या जाण्या-येण्यातच जिवाला धोका आहे, त्यांनी विरंगुळा म्हणून दुसऱ्याच्या जिवावरचे प्रसंग ऐकावेत यात एक विपरीतता आहे, हे मान्य केले पाहिजे. (रूळ ओलांडताना कानांत काही घालून चालणे हा तर निव्वळ अविचार होय, त्याचे समर्थन कोणत्याही वाङ्मयीन भूमिकेतून होणार नाही.) शॅकल्टन यांनी संकट निवडले होते, त्यासाठी पैसा उभा केला होता आणि परतल्यावर त्यावर व्याख्याने दिली. बदलापूरच्या प्रवाशाने काही निवडलेले नाही. या दोघांना केवळ दोघेही अडकलेले आहेत म्हणून एका पंक्तीत बसविणे ही भावुकता ठरेल.

परंतु हा आक्षेप ज्या साहसकल्पनेवर उभा आहे, तीच मुळात अपुरी आहे. ध्वज घेऊन निघालेला संशोधक, गिर्यारोहक किंवा दर्यावर्दी हाच साहसी प्रवासाचा नायक, असे धरून ती चालते. मराठीतील सर्वांत थरारक सत्यप्रवासाचा नायक या साच्यात बसत नाही. विष्णुभट गोडसे वरसईहून १८५७ साली निघाले ते देश पाहण्यासाठी नव्हे आणि पराक्रमासाठी तर नव्हेच. घरावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता आली होती. तेथे दक्षिणा मिळेल, या आशेने ते काका रामभट यांच्यासह वाटेला लागले. म्हणजे हा पोटासाठी घराबाहेर पडलेला माणूस आहे. कामावर जाण्यासाठी निघालेला असताना वाटेत त्याला १८५७ चे बंड गाठते. झाशीच्या वेढ्यात तो सापडतो, मार्च-एप्रिल १८५८ मधील गोळाबारी, शहराचा पाडाव, त्यानंतरची कत्तल आणि लूट लपून-छपून पाहतो, पुन्हा पुन्हा नागवला जातो, आणि अखेर गाठीला द्रव्य नसताना आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावरून वाहून गावी परततो. झाशीच्या पाडावानंतर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्याची राणी लक्ष्मीबाईशी गाठ पडते तो प्रसंग सर्वपरिचित आहे. पठाणी वेशातील, धुळीने माखलेली, तहानेने व्याकूळ झालेली राणी, पाणी काढून देऊ पाहणाऱ्या भटजींना थांबवते आणि स्वतः पाणी काढून ओंजळीने पिते. या प्रसंगात कोणताही आवेश नाही. सांगणाऱ्याला आश्चर्य वाटले आहे आणि ते त्याने साध्या शब्दांत सांगितले आहे. रोजगारासाठी दूरच्या वाटेने निघालेल्या माणसाला हे कथन शॅकल्टनपेक्षा जवळचे वाटेल, आणि त्यात तो आपल्या स्थितीपासून पळतो असे म्हणता येणार नाही. उपजीविकेची वाट इतिहासातून कशी जाते, हे त्याला तेथे ऐकू येते.

असे असले तरी श्राव्य माध्यमाचे सारे व्यवहार स्वीकारार्ह आहेत, असे मुळीच नाही. त्यांतील काही दोष वरवरचे आहेत. नकाशे ऐकविता येत नाहीत, तळटीपा गळतात, अनोळखी स्थलनामांचे उच्चार वाचक आपल्या मनाने करतो, आणि अभ्यासकाला संदर्भ द्यायचा तर पृष्ठक्रमांकाऐवजी तास-मिनिटे द्यावी लागतात. यांवर उपाय आहेत. त्याहून मोठा दोष आवाजाचा आहे. पुष्कळ ध्वनिमुद्रणांत रंगभूमीचा सूर डोकावतो. संकट आले की आवाज कापरा होतो, मृत्यू आला की पार्श्वसंगीत दाटते. प्रत्यक्ष प्रसंगातून गेलेला माणूस असा बोलत नाही. त्याचा स्वर बहुधा सपाट, कधी कधी तर हिशेबी असतो, आणि त्या सपाटपणातच त्याच्या साक्षीचे सत्य असते. अभिनयाने हे सत्य झाकले जाते. साहसपर सत्यकथनाच्या वाचकाने नटापेक्षा साक्षीदाराच्या जवळ उभे राहिले पाहिजे.

एक उणीव मात्र या माध्यमाच्या स्वभावातच आहे. गोष्ट सांगणाऱ्याला समोरून हुंकार लागतो. कीर्तनकार श्रोत्यांचे चेहरे पाहून आख्यान लांबवितो किंवा आवरतो. आजी 'हूं' ऐकू येईनासे झाले की गोष्ट थांबविते. ध्वनिमुद्रित आवाज कोणाची वाट पाहत नाही. श्रोता पेंगला तरी झाशी पडतेच. श्रवणाच्या देशी परंपरेशी या माध्यमाचे नाते सांगताना एवढा फरक नोंदविणे आवश्यक आहे. ते नाते पूर्णांशाने सांगणे अतिशयोक्तीचे होईल.

सर्वांत चिंतेची बाब संहितेची आहे, आणि तिच्याकडे विद्यापीठीय विभागांनी पाठ फिरविली तर तो दोष माध्यमाचा राहणार नाही. गोडसे भटजींनी आपला वृत्तान्त चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून १८८३ च्या सुमारास लिहिला. वैद्यांनी तो १९०७ साली प्रसिद्ध केला, परंतु काटछाट करून आणि भाषेवर संस्करण करून. भटजींच्या मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती वाचकांच्या हाती आली ती १९६६ साली, दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाखाली. या दोन पाठांतील अंतर विद्यार्थ्यांना वर्गात सांगितले जाते. कानाला ते अंतर डोळ्यांपेक्षा लवकर कळेल, कारण ते मुख्यतः बोलण्याच्या लयीतले आहे. मूळ पाठातील वाक्य एकाला एक जोडून लांबत जाते, पुन्हा मागे येते, 'नंतर', 'मग' करीत पुढे सरकते. ओटीवर बसून वृत्तान्त सांगणाऱ्या कोकणी भिक्षुकाची ती चाल आहे. संस्कारित पाठात ही चाल पुष्कळशी नाहीशी झाली आहे. ज्या पुस्तकाच्या नावातच 'हकीकत' हा शब्द आहे, त्याचे सांगितलेपण असे पुसले गेले तर ऐकण्यासारखे त्यात थोडेच उरते. आणि तरीही, अशा ग्रंथाचे ध्वनिमुद्रण ज्या पाठावरून होते त्याचा उल्लेख आरंभी होईलच, अशी खात्री आज देता येत नाही. छापील पुस्तकाच्या तिसऱ्या पानावर जी माहिती बिनचूक असते, ती श्राव्य आवृत्तीत सांगितली गेली नाही तर श्रोता कोणाचे गद्य ऐकतो आहे, गोडसे यांचे की वैद्यांचे, हे त्याला कळणारच नाही.

मराठी विभागांत संहितासंपादन शिकविले जाते, पाठचिकित्सेच्या प्रश्नपत्रिका निघतात, आणि कोकणातील बोलींची नोंद केलेले प्रबंध ग्रंथालयांत पडून आहेत. १९६६ च्या पाठावरून, गाळणी न लावता, कोकणी वळणाचा आणि बेताचा आवाज असलेल्या वाचकाकडून हे पुस्तक वाचून घेणे, आरंभी पाठाची माहिती देणे आणि प्रत्येक प्रकरणाच्या तोंडी त्यातील मार्गाची गावे क्रमाने सांगणे, एवढे काम एका विभागाला एका शैक्षणिक वर्षात उरकता येईल. प्रकरणे मात्र फार लांब ठेवू नयेत. कल्याण ते दादर हे अंतर जलद गाडीने सुमारे पाऊण तासाचे आहे.